मार्क भरपूर पडले, आता प्रवेश: बारावीनंतरचे दोन महिने कसे वापरायचे

बारावीला किंवा सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) चांगले गुण पडले की पहिला सल्ला ठरलेला असतो: “एवढे मार्क वाया घालवू नको.” म्हणजे ज्या कोर्सचा कटऑफ सगळ्यात वर, तिथे जा. पण कटऑफ ही फक्त गर्दीची नोंद आहे. गेल्या वर्षी शेवटची जागा कोणत्या क्रमांकावर भरली, एवढंच ती सांगते. तिथे शिकवतात कसं, प्रयोगशाळेतली यंत्रं चालतात का, हे तिच्यात कुठेच नसतं. कमी गुणांच्या मुलाला पर्याय थोडे असतात, म्हणून तो असेल त्यातून नीट निवडतो. भरपूर गुणांच्या मुलाला सगळीकडे मिळतं, आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा दुसऱ्यांची पसंती उचलतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या अशा मुलांसाठी आहे, विशेषतः ज्यांच्या घरात याआधी कोणी ही प्रक्रिया केलेली नाही. भर विज्ञान शाखेवर आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या आणि निदान पात्रता, कागदपत्रं आणि जागावाटपाच्या फेऱ्यांचे नियम ही तीन प्रकरणं घरातल्या दोघांनी वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सांगितलं की हमखास काहीतरी निसटतं.

पहिली पायरी: हातात नेमकं काय आहे ते मोजा

टक्के, पर्सेंटाइल आणि रँक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 92 टक्के म्हणजे शंभरातले 92 गुण. 92 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी 92 टक्के मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे. रँकचा अंदाज काढायचा तर 100 मधून पर्सेंटाइल वजा करा आणि उरलेले तितके टक्के एकूण बसलेल्या मुलांचे काढा. समजा जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला 14 लाख मुलं बसली. 99 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण 14,000 जण असतात, 97 वाल्याच्या पुढे 42,000. आणि 99 ते 99.5 या अर्ध्या पर्सेंटाइलमध्ये 7,000 मुलं बसलेली असतात. “फक्त पॉइंट पाचने हुकलं” असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

एमएचटी-सीईटीचं 99 आणि जेईई मेनचं 99 यांची तुलना करू नका. बसणारी मुलं वेगळी आणि पेपरही वेगळा. सीईटी 200 गुणांची, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईईत कापले जातात.

बोर्डाचे गुण कुठे लागतात? आयआयटी आणि एनआयटी या केंद्राच्या संस्थांच्या प्रवेशासाठी बारावीला 75 टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 65 टक्के. राज्याच्या इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत सीईटीचं पर्सेंटाइल चालतं, बोर्ड फक्त किमान पात्रतेपुरतं. बीएस्सी, बीए, बीकॉमला मात्र अनेक नामांकित कॉलेजं थेट बोर्डाच्या गुणांवर घेतात. तिथले फॉर्म निकालानंतर थोडेच दिवस उघडे असतात. सीईटीच्या यादीची वाट बघत बसलेली मुलं नेमकी ही तारीख चुकवतात.

दुसरी पायरी: कागद

हुशार मुलांचे प्रवेश कमी गुणांमुळे जात नाहीत, कागदामुळे जातात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सगळ्यांना लागणारे: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र, आधार, आधार जोडलेलं बँक खातं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल, तर आधार दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिका दुरुस्त करायला कितीतरी जास्त वेळ जातो.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो आणि प्रवेश घेतलेल्या कॉलेजात तो जमा होतो. जमा करण्याआधी त्याचं दोन्ही बाजूंचं स्वच्छ स्कॅन आणि निदान आठ-दहा झेरॉक्स काढून ठेवा.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ते जात पडताळणी समितीकडून येतं आणि त्याला महिने लागू शकतात. अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकावा. निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची रांग दरवर्षी दिसते.

नॉन-क्रीमी लेयर म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा दाखला. त्याचा घोळ जास्त सूक्ष्म आहे. राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि ते चालू वर्षानंतरच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि ते त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं हवं. दोन्ही तहसील-प्रांत कार्यालयाच्या यंत्रणेतूनच निघतात, म्हणून लोकांना वाटतं एकच काम झालं. अर्ज करतानाच “सेंट्रलचं पण हवंय” असं स्पष्ट सांगा.

याला जोडून आणखी एक: राज्याच्या आणि केंद्राच्या याद्या वेगळ्या आहेत. राज्यात एनटी (भटक्या जमाती) किंवा एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) असलेल्या अनेक जाती केंद्रात ओबीसीत येतात. मराठा समाजाला राज्यात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आहे, केंद्रात तो प्रवर्गच नाही. तिथे उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण, मिळू शकतं. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला वार्षिक 8 लाखांच्या आत उत्पन्न आणि पाच एकरांपेक्षा कमी शेती अशी अट आहे. घरी सहा एकर कोरडवाहू असली तरी ती सहा एकरच धरतात.

तिसरी पायरी: आवड तपासून बघा

“मला कॉम्प्युटर आवडतो” ही आवड नसते, ती सवय असू शकते. तपासायची पद्धत साधी आहे. जो कोर्स डोक्यात आहे त्याच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या संकेतस्थळावरून उतरवा. पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं, म्हणून दुसरं. त्यातला एक विषय निवडा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर त्या विषयाची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. पहिली पाच ऐका, वहीत उतरवा, पहिल्या आठवड्याची असाइनमेंट सोडवा. एवढ्याला साधारण आठ तास लागतात. पाचव्या व्याख्यानानंतर सहावं आपणहून लावलंत की घड्याळाकडे बघत बसलात, याचं उत्तर कोणत्याही कलचाचणीपेक्षा खरं निघतं.

मग तीन माणसांशी बोला: त्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षातलं कोणी, ते काम पाच-सात वर्षं करत असलेलं कोणी आणि ते सोडून गेलेलं कोणी. तिसरा माणूस शोधायला कष्ट पडतात, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो. “स्कोप आहे का” हे विचारू नका. “मागच्या मंगळवारी दिवसभरात काय काय केलं” हे विचारा. वकील असो, डॉक्टर असो, डेटा सायंटिस्ट असो, मंगळवारच्या उत्तरात खरा व्यवसाय दिसतो.

“कलेक्टर व्हायचंय” म्हणणाऱ्यांसाठी: यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते, किमान वय 21, खुल्या प्रवर्गाला 32 वर्षांपर्यंत सहा प्रयत्न. म्हणजे बारावीनंतर तीन-चार वर्षं पदवीत जाणारच आहेत. ती पदवी अशी घ्या की परीक्षा नाही निघाली तरी तिच्यावर उभं राहता येईल. फक्त “अभ्यासाला वेळ मिळतो” म्हणून घेतलेली पदवी पुढे फार जड जाते.

चौथी पायरी: इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या पलीकडचे फॉर्म

यातल्या बहुतेकांची मुदत बोर्डाच्या निकालाआधी संपते. अकरावीत असाल तर कॅलेंडरवर आत्ताच लिहा.

मूलभूत विज्ञानात संशोधन करायचं असेल तर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी परीक्षा. पुण्यासह देशात सात आयसर आहेत आणि बेंगळुरूच्या आयआयएससीच्या बीएस कोर्सलाही या परीक्षेचे गुण चालतात. याच प्रकारच्या दोन संस्था, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठातलं सीईबीएस, यांच्यासाठी नेस्ट परीक्षा. गणित किंवा संख्याशास्त्रात खरंच रमणाऱ्यांनी आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) आणि सीएमआय (चेन्नई गणित संस्था) यांच्या प्रवेश परीक्षा द्याव्यात. तिथले प्रश्न सिद्धता मागतात, जेईईच्या वेगाचा तिथे फारसा उपयोग होत नाही. कायद्यासाठी क्लॅट, आणि ती डिसेंबरमध्ये, म्हणजे बारावी चालू असतानाच होते. डिझाइनसाठी यूसीड जानेवारीत. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते.

मेडिकलबद्दल थोडक्यात: सरकारी कॉलेजातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी ही केंद्राची समिती भरते, उरलेल्या राज्याचा सीईटी कक्ष. दोन्हीकडे वेगळी नोंदणी लागते. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर नुकसान नाही, दुसऱ्या फेरीपासून अनामत जाते.

पाचवी पायरी: कटऑफची यादी वाचायला शिका

राज्याच्या इंजिनिअरिंगच्या यादीत प्रत्येक कोर्सखाली ‘जीओपनएस’, ‘एलओपनएच’ असे रकाने असतात. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं ‘एच’ म्हणजे त्या कॉलेजच्या विद्यापीठ क्षेत्रातली मुलं, ‘ओ’ म्हणजे बाहेरची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय जागा. रकान्यातला वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल.

समजा पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातून बारावी झालेली खुल्या प्रवर्गातली मुलगी आहे. त्याच क्षेत्रातल्या कॉलेजासाठी तिने जीओपनएच आणि एलओपनएच हे दोन्ही बघायचे. तिला दोन्हीकडून जागा मिळू शकते. नागपूरचं कॉलेज बघताना मात्र तिचे रकाने ‘ओ’ने संपणारे. बरेच पालक सगळ्यात वरचा एकच आकडा बघतात आणि “आपल्याला नाही मिळणार” म्हणून कॉलेज यादीतून काढून टाकतात. तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा, आणि पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकाची तुलना करा. बसणाऱ्यांची संख्या बदलली की पर्सेंटाइल फसवतं. पहिल्या फेरीची आणि शेवटच्या फेरीची यादी वेगवेगळी बघा. शेवटच्या फेरीत काही जागा बऱ्याच खाली येतात, कारण वरची मुलं आयआयटी-एनआयटीला निघून गेलेली असतात.

सहावी पायरी: पसंतीक्रम

संगणक आधी गुणवत्ता बघतो, मग तुमचा क्रम. तुमचा नंबर आला की तो तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि जी पहिली रिकामी जागा सापडते ती देतो. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालचं हातचं जात नाही. “मिळण्यासारखं वर टाक” हा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला तरी चुकीचा आहे.

उलट धोका ऑटो-फ्रीझचा, म्हणजे जागा आपोआप पक्की होण्याचा, आहे. 2025-26 च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तर पक्का. पक्का झाल्यावर नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या सहा ओळी लिहिताना प्रत्येकीपुढे विचारा: उद्या हीच मिळाली आणि दुसरं काहीच नाही, तर आनंदाने जाणार का? उत्तर अडखळलं तर ती ओळ सहाव्याच्या खाली.

क्रम आधी कागदावर लिहा. एका रकान्यात कॉलेज, दुसऱ्यात शाखा, तिसऱ्यात चॉइस कोड, म्हणजे त्या कॉलेजातल्या त्या शाखेचा क्रमांक. फॉर्म भरताना एकाने कोड वाचायचा आणि दुसऱ्याने टाकायचा. एकाच कॉलेजात संगणक, माहिती तंत्रज्ञान, एआय-डेटा सायन्स असे सारखे दिसणारे कोर्स असतात आणि कोडमधला एक आकडा चुकला की भलतीच शाखा. शेवटच्या रात्री संकेतस्थळ कूर्मगतीने चालतं, तेव्हा मुदतीच्या आदल्या दिवशी कन्फर्म करून पीडीएफ उतरवून ठेवा.

आयआयटी-एनआयटीच्या जोसा या एकत्रित जागावाटपात जागा मिळाल्यावर तीन पर्याय येतात. फ्रीझ: हीच हवी, पुढे बघू नका. फ्लोट: ही धरून ठेवा, यादीत वरची कोणतीही मिळाली तर बदला. स्लाइड: कॉलेज हेच, पण वरची शाखा मिळाली तर बदला. फ्लोट केल्याने हातची जागा सुटते ती फक्त वरची मिळाल्यावरच. ज्याला खात्री नाही त्याने फ्लोट ठेवावं. आणि “आत जाऊन शाखा बदलू” यावर विसंबू नका. काही आयआयटींनी ती सोय बंद केली आहे आणि बाकी ठिकाणी ती मोजक्यांनाच मिळते.

सातवी पायरी: कॉलेज बघणं

प्लेसमेंटच्या फलकावर सगळ्यात मोठं पॅकेज ठळक अक्षरात असतं. तो एका मुलाचा आकडा. तुम्ही विचारायचं ते वेगळं: या शाखेत अंतिम वर्षाला किती मुलं होती, त्यातल्या किती जणांनी प्लेसमेंटला नाव नोंदवलं, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती. समजा 120 मुलं, नोंदणी 70, नोकरी 63. कॉलेज 90 टक्के म्हणेल आणि ते खोटं नाही, पण 120 मधले 63 म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. सरासरीही फसवी असते. दोन-तीन मोठे पगार तिला वर ओढतात. पॅकेजमध्ये जॉइनिंग बोनस आणि शेअर्स धरलेत का, तेही विचारा.

शक्य असेल तर कामाच्या दिवशी दुपारी कॉलेजात जा. प्रयोगशाळेच्या यंत्रांवर धूळ आहे का, ग्रंथालयात मुलं बसलेली आहेत का, नोटीस बोर्डवरची शेवटची सूचना कधीची आहे. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत पानांपेक्षा हे तीन पुरावे बोलके असतात.

पैशांचं

वर्षाची फी म्हणजे खर्च नाही. वसतिगृह, मेस, लॅपटॉप, प्रवास, परीक्षा फी, अनामत असे रकाने आखून चारही वर्षांचा हिशेब मांडा.

मग सवलती. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या, जागा बघा. या प्रत्येक कोर्सला 5 टक्के जादा जागा असतात, चॉइस कोड वेगळा असतो, ट्यूशन फी माफ होते पण डेव्हलपमेंटसारखी बाकीची फी भरावी लागते. मागणी जास्त म्हणून कटऑफ वर. 2024-25 पासून राज्यात याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक कोर्सच्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी शासन भरतं, पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ते लागू नाही. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिच्यात साधारण निम्मी ट्यूशन फी मिळते. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर. इथे नेहमी होणारी चूक: पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात नाही. आजीने काढून दिलेलं जुनं खातं आधारला जोडलेलं असेल तर रक्कम तिथेच पडून राहते. बँकेत विचारून खात्री करा.

आयआयटीत उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर पूर्ण आणि 1 ते 5 लाखांत दोन-तृतीयांश ट्यूशन फी माफ असते. अनुसूचित जाती-जमातींना पूर्ण. बारावीला बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असाल आणि उत्पन्न 4.5 लाखांच्या आत असेल तर केंद्राची शिष्यवृत्ती पहिली तीन वर्षं वर्षाला 12,000 रुपये देते, मात्र राज्याची फी परतफेड घेत असाल तर ती चालत नाही. दोन्हीचा हिशेब करून मोठी निवडा. कर्ज काढायचं तर बँकेत जाण्याआधी पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आपलं कॉलेज आहे का बघा: तारण नाही, आणि उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत.

ड्रॉप घ्यायचा का

जेईई ॲडव्हान्स्ड (आयआयटीची प्रवेश परीक्षा) लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, मेन तीन वर्षी. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि म्हणूनच तिथे वर्षं जास्त जातात. ठरवताना निकालाकडे बघू नका, शेवटच्या दहा सराव परीक्षांचे गुण काढा. ते चढत होते आणि वेळ कमी पडला, तर एक वर्ष फळू शकतं. ते चार महिने एकाच जागी अडकलेले होते, तर तीच पुस्तकं आणि तोच क्लास पुन्हा करून आकडा हलत नाही. दुसरं कारण सापडलं असेल तरच थांबा: आजारपण, बोर्डाचा ताण, एक विषय पूर्ण राहिलेला. आणि थांबताना हातातला प्रवेश सोडण्याआधी त्याची रद्द करण्याची शेवटची तारीख बघा. त्या तारखेच्या आत रद्द केल्यास 1,000 रुपये वजा करून फी परत मिळते, नंतर मिळत नाही. रद्द करणं दोन ठिकाणी असतं: आधी प्रक्रियेच्या संकेतस्थळावर, मग त्या अर्जाची प्रत सही करून कॉलेजात. दुसरं राहिलं तर शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजच्या कपाटातच राहतो, आणि नव्या कॉलेजात तो तीन दिवसांत मागतात.